एकांडे शिलेदार

मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे घोडेस्वार असत. एक बारगीर. त्याचा घोडा सरकारी, आणि महिना भरला की ठरलेला पगार. दुसरा शिलेदार. त्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. त्याला मोल जास्त मिळे, पण लढाईत घोडा पडला तर नुकसानही त्याचेच. घोडा गेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली की शिलेदाराला बारगीर होऊन राहावे लागे. त्यातही जो कुणाच्या पथकात न शिरता एकट्याच्या हिमतीवर चाकरीला येई तो एकांडा. ‘एकांडा शिलेदार’ हे शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे घोड्याच्या चंदीचा रोजचा हिशेब होता हे विसरतो.

आज लिहायचे आहे ते मात्र घोड्यांविषयी नाही, संगणकाविषयी. मंडळी म्हणतील, मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवला, आता सत्तरी ओलांडल्यावर हे काय मध्येच? पण विषय इतिहासाचाच आहे. एकटा माणूस, किंवा एका घरातली दोन माणसे, एखादी नवी आज्ञावली (मुलांच्या भाषेत सॉफ्टवेअर) तयार करतात आणि ती बाजारात टिकते. हे घडते कसे? आणि बहुतेकांच्या बाबतीत घडत का नाही?

सुरुवात आमच्या गावाजवळूनच करतो. लेण्याद्रीला लोक येतात ते गिरिजात्मजाच्या दर्शनाला. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, धापा टाकायच्या, दर्शन घ्यायचे आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत उतरायचे. गणपती आहे तो सातव्या लेण्यात. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. तिथे एक ब्राह्मी लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढाच त्याचा आशय. हेरणिक म्हणजे सोनार किंवा पेढीवाला असावा असा अर्थ लावतात. म्हणजे बघा, कल्याण बंदराकडचा एक माणूस एवढे मोठे काम स्वतःच्या एकट्याच्या नावाने करतो.

पण जुन्नरचे बाकीचे लेख वाचले की दुसरे चित्र दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, असा एक लेख आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम सोपवल्याचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. तो ठेवी घेई, व्याज देई, शब्दाला जामीन राही. नाणेघाटातून माल कोकणातल्या बंदरांकडे उतरत होता त्या काळी जुन्नरचा बाजार या श्रेण्यांच्या जिवावर चालत होता. सुलसदत्ताचे नाव एकट्याचे दिसते, पण त्याच्या पैशामागे असा उभा बाजार होता. हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

आता दोन हजार वर्षे ओलांडून पुण्याच्या मंगळवार पेठेत येऊ.

कैलास काटकर हे मूळचे साताऱ्याकडचे. शिक्षण दहावीपर्यंत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागले, पगार महिना ४०० रुपये. १९९० च्या सुमारास साठवलेले १५,००० रुपये घालून त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. बँका आणि कचेऱ्यांत तेव्हा संगणक नुकते येऊ लागले होते. बिघडलेले कॅल्क्युलेटर पाहायला गेले की टेबलावर हे नवे यंत्र दिसे. आज ना उद्या हेही बिघडणार, एवढे दुरुस्ती करणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने संगणक देखभालीचा धंदा सुरू केला.

धाकटा भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बरीचशी यंत्रे मोडलेली नसत, त्यांना विषाणू लागलेला असे. व्हायरस म्हणजे फ्लॉपीतून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरणारी खोडसाळ आज्ञावली. संजय प्रत्येक विषाणूसाठी एक छोटी आज्ञावली लिही, ती चालवली की यंत्र साफ. हे उतारे आधी दुकानापुरतेच होते. पुढे ते एकत्र करून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ नावाने विकायला काढले. २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. २०१० मध्ये सिक्वोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने ६० कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले.

गोष्ट अशी चार ओळीत सांगितली की परीकथा वाटते. वर्तमानपत्रवाले अशीच सांगतात आणि पोरे ती वाचून हुरळतात. मला त्यातल्या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, माल तयार होण्याआधी गिऱ्हाईक दारात उभे होते. काटकर बंधूंना ‘लोकांना काय हवे असेल’ याचा विचार करत बसावे लागले नाही. बिघाड रोज टेबलावर येत होता आणि तो काढण्याचे पैसे लोक आधीपासून देत होते.

दुसरी गोष्ट या मालाच्या जातीची. आपल्याकडे आज्ञावली विकत घेण्याची सवयच नव्हती. एकाने फ्लॉपी घ्यायची आणि दहा जणांनी उतरवून घ्यायची! भल्याभल्यांचा माल या उतरवण्याने बुडाला. पण विषाणूवरचा उतारा हा लोणच्यासारखा वर्षभर टिकणारा माल नाही, तो दुधासारखा आहे. नवे विषाणू येत राहतात, त्यामुळे जुनी प्रत काही दिवसांत निरुपयोगी होते. ज्याच्याकडून ताजी भर मिळते त्याच्याकडे गिऱ्हाइकाला परत जावेच लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. चांगला माल हातात असूनही हा धंदा पहिली काही वर्षे नीट चालत नव्हता. १९९० चे दशक संपता संपता तर तो बंद करावा की काय, इथपर्यंत वेळ आली होती. आज्ञावली चांगली होती, पण ती विकायची कशी हे दोघांनाही पुरते उमगले नव्हते. मार्ग निघाला तो विक्री जाणणारी माणसे सोबत घेतल्यावर आणि गल्लोगल्ली संगणक जोडून देणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या लोकांमार्फत माल पोचवल्यावर. त्यानंतरच पुण्याबाहेर पाय पडला, आधी नाशिकला आणि मग इतरत्र. गिऱ्हाइकाला आज्ञावलीतले काही कळत नाही, पण यंत्र जोडून देणाऱ्या पोरावर त्याचा विश्वास असतो. तो म्हणाला ‘हे घाला’ की घालतात. आमच्याकडे शेतकरी औषधाच्या दुकानदाराचे ऐकून फवारणी करतो, तसेच हे. मला तर यात पुन्हा श्रेणी दिसते. एकट्याच्या नावामागे उभा असलेला धंद्यातल्या लोकांचा संघ!

याच विषयातली एक गंमत सांगतो. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याचे नाव घेतात तो ‘ब्रेन’. १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी तो लिहिला, बासित आणि अमजद फारुख अल्वी. त्यांचे संगणकाचे दुकान होते. आपली वैद्यकीय आज्ञावली लोक फुकट उतरवून घेतात म्हणून तिच्या रक्षणासाठी आपण हे केले, असे ते सांगत. विषाणूत त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा लिहून ठेवला होता! तो फ्लॉपीतून पार अमेरिकेपर्यंत गेला आणि तिथून लोकांचे फोन येऊ लागले. लाहोरात दोन भाऊ, पुण्यात दोन भाऊ, दोघांची छोटी दुकाने, दोघांसमोर फुकट्यांचा एकच प्रश्न. एकांनी फुकट घेणाऱ्याला धडा शिकवायला आज्ञावली लिहिली, दुसऱ्यांनी अडलेल्याला सोडवायला.

पुण्याबाहेरचे आणखी एक उदाहरण घेऊ. बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी बाजारात मिळणारी आज्ञावली वापरायची तर प्रत्येक खात्याला आकड्यांचे संकेत द्यावे लागत. व्यापाऱ्याला ते नको होते. त्याला ‘रोख खाते’ म्हणजे रोख खाते असे सरळ नावाने हवे होते. त्यांचा मुलगा भरत याने १९८६ मध्ये तशी आज्ञावली लिहिली. तीच पुढे ‘टॅली’ झाली. आज तालुक्याच्या गावी कुठल्याही हिशेबनिसाला विचारा, टॅली येते का म्हणून. २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. इथेही पहिले गिऱ्हाईक घरातच बसलेले होते, आणि ते चांगले खडूस होते हे विशेष.

आता अमेरिकेतला जिम नॉफ. हा आयबीएम कंपनीत नोकरीला. चर्चच्या सभासदांना पत्रे पाठवायची तर पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापाव्या लागत, त्यासाठी त्याने घरी एक आज्ञावली लिहिली. मित्रांनी मागितली, मित्रांच्या मित्रांनी मागितली. प्रत्येकाला टपालाने पाठवण्याचा खर्च वाढला तेव्हा १९८२ मध्ये त्याने आज्ञावलीतच विनंती घातली की, आवडली तर पुढे वाटा आणि मला १० डॉलर पाठवा. अँड्र्यू फ्लुगेलमन नावाचा दुसरा एक माणूस त्याच सुमारास हेच करत होता, दोघांची गाठ पडली आणि एक नवी पद्धतच रूढ झाली. पण मला नॉफची दुसरी गोष्ट जास्त आवडते. धनादेश यायला लागले म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. दिवसा नोकरी, रात्री हे काम, असे करत त्याने १९८४ मध्ये नोकरी सोडली. तोवर घोडा पोसला जातो याची त्याला खात्री झाली होती. आणि १९९२ मध्ये त्याने आपला धंदा आवरता घेतला, कारण डॉसचे दिवस जाऊन विंडोजचे आले होते.

हे शेवटचे वाक्य जुन्नरकरांना तरी नवीन वाटू नये. एके काळी जुन्नरी कागद प्रसिद्ध होता. इथले कागदी लोक चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून, लगदा करून हाताने कागद काढत. पेशवाईतली दप्तरे असल्या कागदावर लिहिलेली आहेत आणि त्यावरची अक्षरे आजही वाचता येतात. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. कागद वाईट झाला म्हणून नव्हे, त्याच्याभोवतीचा बाजार बदलला म्हणून. आज्ञावलीच्या धंद्यात हे शंभर वर्षांऐवजी दहा वर्षांत होते. मायक्रोसॉफ्टने २००९ पासून विषाणूंपासूनचे संरक्षण फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१२ च्या विंडोजमध्ये ते आतच घालून दिले. काटकरांसारख्यांना घरगुती गिऱ्हाइकापुरते बसून राहणे त्यामुळे अवघड झाले. त्यांचा समभाग २०१६ मध्ये ३२१ रुपयांना विकला गेला आणि बाजारात आला त्याच दिवशी भाव त्याखाली घसरला. मोठे झालेल्यालाही रोज चंदी घालावी लागते ती अशी.

हे सगळे मी कशाला चाळत बसलो, तेही सांगतो. आमच्या तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीला नोकरी करतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या आडत्यांसाठी त्याने एक आज्ञावली केली आहे. किती क्रेट आले, काय भाव निघाला, हमाली-तोलाई किती वजा झाली, आणि शेतकऱ्याची पट्टी लगेच त्याच्या मोबाइलवर. ओळखीचा एक आडत्या ती वापरतो. आता मुलाला नोकरी सोडायची आहे. घर बांधायला काढलेल्या कर्जाचे हप्ते त्याच्या पगारातून जातात. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचं ऐकतो तो. त्याला चार शब्द सांगा, नोकरी सोडू नको म्हणावं.”

मुलगा आला तेव्हा मी त्याला वडिलांचा निरोप दिला नाही. एकच विचारले, “अरे, तो आडत्या तुला पैसे किती देतो?”

“सर, ओळखीचा आहे. पैसे नाही घेतले अजून.”

“उद्यापासून पैसे लागतील म्हणालास तर वापरेल का?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “विचारावं लागेल.”

“मग विचार. आणि ज्याच्याशी ओळख नाही अशा दुसऱ्या आडत्यालाही विचार.”

आमचे बोलणे तासभर चालले. त्याचे म्हणणे असे की आता यंत्राच्या मदतीने आज्ञावली लिहिणे फार सोपे झाले आहे. २०२२ च्या अखेरीस ते चॅटजीपीटी आले, त्यानंतर चौघांचे काम एकटा करू शकतो. खरे असेल. पण मी त्याला म्हटले, ते तुला सोपे झाले तसे शेजारच्यालाही सोपे झाले. लगदा कुटायचे यंत्र सगळ्यांनाच मिळाले तर कागद काढणे हे काही भांडवल उरत नाही. तुझे भांडवल वेगळे आहे. पहाटे बाजारात लिलाव कसा चालतो, आडत्या कुठला आकडा कुठे लिहितो, शेतकऱ्याला पट्टीवर कशाची शंका येते, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाने आयुष्यभर त्या पट्ट्या खिशात घालून आणल्या आहेत. हे ज्ञान हिंजवडीत कुणाकडे नाही.

पण नुसते ज्ञान असून भागत नाही, हेही त्याला दाखवायचे होते. म्हणून मी त्याला मानमोडीच्या डोंगरावरचे लेणे आठवायला सांगितले. शाळेच्या सहलीला आम्ही गेलो होतो. तिथल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग पाहत राहावा असा आहे. कमानीत कमळे, मधोमध लक्ष्मी, दोन्ही बाजूंना हत्ती. चंद नावाच्या एका यवनाने ते दर्शनी काम दान दिल्याचा लेखही तिथे कोरलेला आहे. आणि आत गेले की? आतले काम अपुरेच राहिले आहे. खडकातला मऊ थर आडवा आला असे अभ्यासक सांगतात. लेणी वरून आणि पुढून कोरत आत जातात, त्यामुळे आतला खडक कसा आहे ते दर्शनी काम झाल्यावरच कळते. लक्ष्मी दारावर कोरून झाली, पण घर काही उभे राहिले नाही!

एकांड्या शिलेदारांच्या यशोगाथा वाचताना हे लेणे डोळ्यांपुढे ठेवावे असे मला वाटते. ज्यांचे काम पुरे झाले त्यांची नावे आपण वाचतो. दगडात अपुरे काम निदान दिसते तरी. आज्ञावलीच्या धंद्यात अपुरे राहिलेले काम कुठेच दिसत नाही, ते कुणाच्या तरी बंद कपाटातल्या यंत्रात पडून राहते आणि कर्ज मात्र घरच्यांच्या नावावर दिसते. त्यामुळे यशस्वी चौघांवरून धडा घेताना, त्यांच्यासारखेच सगळे करूनही न जमलेले किती असतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर मिळणार नाही, पण विचारल्याने माणूस जमिनीवर राहतो.

वडिलांचीही समजूत घालावी लागली. ते म्हणत होते, नोकरी म्हणजे नोकरी, धंदा म्हणजे जुगार. मी त्यांना विचारले, “तुम्ही टोमॅटो लावता ते कुठल्या हमीवर? भाव पडला की रस्त्यावर ओतता, आणि पुढच्या वर्षी परत लावताच ना?” ते हसले. म्हणाले, “म्हणून तर पोराला नोकरीला धाडलं, गुरुजी.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस-पस्तीस वर्षे आम्ही शिक्षकांनीही वर्गात हेच सांगितले, शिका आणि नोकरीला लागा. घोडा कसा पाळावा हे शिकवणारा धडा आमच्या पुस्तकात नव्हता.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून एक गोष्ट ठरवली. नोकरी आत्ता सोडायची नाही. पुढचा टोमॅटोचा हंगाम संपेपर्यंत, ओळख नसलेल्या निदान दहा आडत्यांनी पैसे मोजून ती वापरली पाहिजे. त्यांतल्या निदान सहांनी महिना संपल्यावर न सांगता पुन्हा पैसे भरले, आणि घराचा एका वर्षाचा हप्ता बाजूला पडला, की मग राजीनामा. तोपर्यंत शनिवार-रविवार बाजारात उभे राहायचे. आडत्यांना यंत्र लावून देणाऱ्या गावातल्या दुरुस्तीवाल्या पोरांशी मैत्री करायची, कारण माल त्यांच्याच हातून जाणार आहे. आणि दहा जण मिळाले नाहीत तर? तर काम थांबवायचे आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. वडिलांना ‘दहा’ हा आकडा आवडला. शेतकऱ्याला आकडा दिला की त्याचे भय निम्मे कमी होते. मुलाला मात्र तो फार मोठा वाटला. मला त्यातच त्याची परीक्षा दिसते.

हंगाम अजून व्हायचा आहे, त्यामुळे निकाल मी सांगू शकत नाही. पण काटकर, गोयंका आणि नॉफ यांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्यावर मला एवढे नक्की दिसते की यांपैकी कुणीही कल्पनेपासून सुरुवात केली नाही. कुणाचे तरी अडलेले काम समोर होते. ते सुटल्यावर दुसऱ्याने मागितले, तिसऱ्याने पैसे दिले, मग त्याला धंदा म्हणायचे धाडस झाले. आणि ‘एकटा’ म्हणावा असा त्यांत खऱ्या अर्थाने कुणी नव्हताच. कुणाला भाऊ होता, कुणाला बाप होता, कुणाला दहा डॉलर पाठवणारे अनोळखी लोक होते.

असो. लेण्याद्रीला दर्शनाला याल तेव्हा घाई करू नका. गणपतीला नमस्कार झाला की शेजारच्या चैत्यगृहातही डोकावून जा. आणि दिवस हाताशी असला तर जुन्नरच्या दुसऱ्या अंगाला मानमोडीवरही जाऊन या. एक लेणे पुरे झालेले आहे आणि एक अपुरे. मुले सोबत असतील तर त्यांना दोन्ही दाखवा.